विंत्सासकाकांच्या बारा पेट्या

सुवाल्कीजवळ, १२ मे

ती. गेनोवाइते मावशीस,
ग्विदासचा सा. न. वि. वि.

वॉर्साहून कौनासला जाणारा आमचा महामार्ग आता सरहद्दीच्या तोंडाशी आलाय. मी सध्या रोलरवर आहे. तो गाईच्या चालीनं चालतो, म्हणून दिवसभर करकोचे मोजतो. काल एकोणीस झाले. त्यातला एक लंगडा, पण तो... असो, मुद्दा राहिलाच. मुकादमाकडे सरहद्दीपलीकडचा, तुमच्या बाजूचा नकाशा पाहिला. रस्त्याच्या आखणीच्या खुंट्या थेट काकांच्या मधमाश्यांमधून गेल्यात. जूनअखेर बाराही पेट्या हलवाव्या लागणार.

काळजी करू नकोस. माझ्या पोलिश घरमालकीण हालिनाबाई फटकळ आहेत, पण अंगणात लिंडनची सात झाडं आहेत. त्या सगळ्या पेट्या विकत घेतील. काकांना सांग, भाव बक्कळ मिळेल.

तुझ्या मायेचा भुकेला,
ग्विदास

कल्वारियाजवळ, २४ मे

चि. ग्विदास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, ही माझी चूक. बिटाचं थंड सूप तसंच टाकून उठले. म्हणाले, हा पोरगा उद्या मावशीचाही भाव विचारून येईल. अरे, आपल्यात मधमाशी विकतात का? गाय मेली, घोडा मेला म्हणतो, पण मधमाशी माणसासारखी ‘वारली’ म्हणतो आपण, मातीत पुरतो. देश फिरलास आणि घरचं विसरलास. आता हे म्हणतात, पेट्या हलणार नाहीत, मीच रोलरपुढे बसतो. रोलर तुझाच असला तर बरं, निदान ओळखीचा.

मोहोळ उठलं की ते फुकट द्यायचं आणि घेणारं घर आपलं सोयरं होतं, एवढं तरी आठवतं ना? सोयऱ्याच्या अंगणात पेट्या ठेवायला कोण नाही म्हणतं? मी काही सुचवत नाही. चौथ्या पेटीत गर्दी फार झालीय, एवढंच कळवते. शनिवारी ये. टोपली घेऊन.

माया आहेच, अक्कल तेवढी तू आण,
मावशी

सुवाल्कीजवळ, ९ जून

ती. मावशीस सा. न.

मोहोळ पोचलं. टोपली मांडीवर होती, बसचा ड्रायव्हर सारा वेळ खिडकीबाहेर डोकं काढून देवाचं नाव घेत होता. हालिनाबाईंनी लगेच पाकीट काढलं. मी मोडक्या पोलिशमध्ये सांगितलं, पैसे नकोत, तुम्ही फक्त आमच्या नात्यातल्या व्हायचं. त्यांनी विचारलं, घराणं कसं आहे, भांडखोर आहे का. मी खोटं बोललो नाही. त्या म्हणाल्या, मग जमेल. त्यांना घेऊन रविवारी येतोय. काकांना दाढी करायला सांग.

तुझा,
ग्विदास

कल्वारियाजवळ, २४ जुलै

ग्विदास,
आशीर्वाद.

मावशी म्हणते, या खेपेला तुम्हीच लिहा. बाराही पेट्या हालिनाकडे लागल्या. ती म्हणते तोंडं दक्षिणेला हवीत, मी म्हणतो आग्नेयेला. चार रविवार वाद चाललाय, नात्यात चालायचंच. लिंडनचा मध उतरला, निम्मा तिचा, निम्मा आपला.

पण जुन्या रस्त्यानं ट्रकांमागे जायला दीड तास आणि यायला दीड तास लागतो. पोहोचेतो निम्मी भांडणं मी विसरतो. तुमचा तो रस्ता इतका रखडलाय कशानं? मुकादमाला माझं नाव घेऊन विचार.

लोभ आहेच. वाढवायचा तर रस्ता संपव.

विंत्सासकाका