आमची वंशावळ, रागिणीची वंशावळ

२ जुलै, अमरावती
आज आयुष्याला दिशा मिळाली. केमिस्ट्रीच्या रागिणीने स्वतःहून विचारलं, शिवमभाऊ, तुमच्या-आमच्या घराण्यात काही जुनं नातं निघते काय, मशीनवर पाहून द्या ना. तिचे आजोबा खुशालराव म्हणतात, "पहिले नातं पाहा, मंग पुढचं बोला." पुढचं! मुलीने आणखी किती स्पष्ट बोलायचं? ‘भाऊ’ वऱ्हाडात सगळ्यांनाच म्हणतात.
माझी पीएचडी ह्यातच आहे. दोन अर्धवट, चुकांनी भरलेले ग्राफ, म्हणजे नात्यांची जाळी, घ्यायचे आणि इकडचा कोण म्हणजे तिकडचा कोण, हे मशीनला ओळखायला शिकवायचं. आठवड्यात निकाल.

५ जुलै
चुलतभाऊ किशोरदादा अकोल्याहून आईचा डबा घेऊन आला. हल्ली दर शनिवारी येतो. एवढी माया सख्ख्याचीही नसते. माझं काम अडू नये म्हणून दुपारभर रागिणीला कॅन्टीनमध्ये घेऊन बसला.

९ जुलै
डेटा म्हणजे नुसता गोंधळ. घरोघरी एक बापू, एक नाना. त्यात बाईचं नाव लग्नात बदलतं. माहेरची जाईबाई सासरी मनकर्णाबाई, मशीन म्हणतं दोन बाया. आईचा अकोल्याच्या जठारपेठेतून फोन, "काहून डोकं खपवून राहिला? तिच्या आबाले चहाले बोलाव, इचार." विज्ञान चहावर चालत नाही, असं ठणकावलं.

१४ जुलै
पहिला निकाल: खुशालराव म्हणजेच माझी आत्या बेबीताई. खात्री ९७ टक्के. मॉडेलचं काय चुकलं? दोघांनाही दोन मुलगे, चार भावंडं, जोडीदाराचं नाव कोरं. रागिणीला हे सविस्तर समजावलं. "आबाले मिशा हायेत," एवढंच म्हणाली. मिशा पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ.

२० जुलै
रागिणी म्हणते, बाकीचे राहू द्या, किशोरची बाजू पहिले भरा. काय शिस्त! अपुरी फांदी आधी भरावी, हे तर पुस्तकातच आहे. भरली.
दुसरा निकाल: मशीन म्हणतं, मी म्हणजे रागिणीच्या घराण्यातले भगवंतराव काका. जन्मभर बिनलग्नाचे. हा नॉइज, डेटातला कचरा. काढून टाकला.

२६ जुलै
गाईडनी सगळ्यांदेखत विचारलं, दोन कुटुंबांना इतके दिवस? मी म्हटलं, सर, घाई तुम्ही करा. मी मागे हटणाऱ्यातला नाही.

३१ जुलै
निकाल! दोन्ही घराण्यांत एकही माणूस सामाईक नाही. रस्ता मोकळा. प्रिंट थेट खुशालरावांच्या हातात दिली. त्यांनी पाठीवर हात ठेवला, "पोरा, तुनं आमचं मोठं काम केलं." डोळे भरून आले. जिंकलो.

३ ऑगस्ट
पुढच्या रविवारी अकोल्याला साखरपुडा. रागिणीचा. किशोरदादाशी. वर्षभरापासून होतं म्हणे.
मला कोणी सांगितलं? हा सरळसरळ अपुरा डेटा. मॉडेल बरोबर होतं, मीही बरोबर होतो, हे लिहून ठेवतो. छातीत मात्र दुखतंय. आईने विचारलं, जाशील ना? म्हटलं, अजिबात नाही.
दुपारी रागिणीचा मेसेज: "भाऊजी, दोन्हीकडचे पाहुणे एकमेकाले वळखत नाहीत. तुमालेच सारे पाठ हायेत. दारात उभे राहसान ना?"
‘हो’ पाठवलं. मग ग्राफमध्ये तिच्यापासून किशोरदादापर्यंत रेघ ओढली. मॉडेलने माझ्या नावापुढे आपोआप ‘चुलत दीर’ भरलं. तपासून पाहिलं. बरोबर आहे.