दुसऱ्या घरातला वि

गुरुजी,

आज रविवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचेवर लावलेला काळा कागद एका कोपऱ्यातून सोडवून, तेवढ्या उजेडात मी तुमचे शब्दकोडे शाईने पक्के करत होतो. लढाई सुरू झाल्यापासून कारखान्यात बारा तासांची पाळी असते आणि रविवारची सुट्टी एकाआड एक मिळते. कोडे सुटले की तुम्हाला दाखवायचे असे ठरले होते, म्हणून लिहितो आहे. या पत्रात अनुस्वार फार कमी दिसतील. तुमच्यामागे शुद्धलेखनाचे नवे नियम आले. मी ते नागपूरच्या वर्तमानपत्रातून वहीत उतरवून पाठ केले आहेत, तेव्हा तो माझा निष्काळजीपणा समजू नये.

शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही फळ्यावर कोडे घालायचात आणि एरवी शुद्धलेखन. एकदा मी कवि हा शब्द दीर्घ लिहिला, तर तुम्ही मला बाकावर उभे केलेत आणि म्हणालात, "दीर्घ लिहून तो काही मोठा कवि होत नाही." वर्ग हसला. त्यानंतर ऱ्हस्व-दीर्घात माझी चूक झालेली मला आठवत नाही. पुढे वडील अंथरुणाला खिळले आणि आठवीतून माझे नाव काढले. ते सांगायला मी चेरीतालला तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलता आहात. मी सांगतो, तुम्ही ऐकता, सोलणे थांबत नाही. सगळ्या शेंगा संपल्यावर धोतराला हात पुसून तुम्ही कपाटातून एक चौकटींचा कागद काढता. "हे फळ्यावर घातलेलं नाही. तुझ्यासाठी केलंय. सुटलं की येऊन दाखव. काही चुकलंसं वाटलं तरी ये." आणि मूठभर मटार माझ्या खिशात टाकता.

आठवड्याभरात एक शब्द सोडून सगळे सुटले. आडव्या ओळीत 'रवीला न दिसणारे याला दिसते', म्हणजे कवि. त्याच्या दुसऱ्या घरातून, त्या वि पासून, खाली उतरणारा दोन अक्षरी शब्द तेवढा राहिला. 'हिच्यावर घर उभे राहते. हा आला की घर नकोसे होते.' ही कोण आणि हा कोण? तो कागद अकरा वर्षे माझ्या पाकिटात आहे. घड्यांवर मागून पट्ट्या चिकटवल्या आहेत.

कारखान्यात मी तपासणीत आहे, तयार मालाला गेज लावून माप बघतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघे साप्ताहिकातली कोडी सोडवतो. मी, लेथवरचे एक वयस्क कारागीर आणि स्टोअरमधला कारकून. गेल्या गुरुवारी साप्ताहिक आले नाही, कारण सगळ्या गाड्या लष्कराच्या मालाला लागल्या आहेत. मग मी तुमचा कागद काढला.

"याला बक्षीस किती?" कारकुनाने विचारले.

"बक्षीस नाही. माझ्या गुरुजींचं आहे. एकच शब्द राहिलाय."

"मग काहून सोडवून राहिलो आपण?" लेथवाले पराठा मोडत म्हणाले. तरी कागद त्यांनीच आधी ओढून घेतला. बराच वेळ बघून परत दिला. "डोकं नाही चालत बा. साहेब आजपण दोन तास जास्त थांबा म्हणून राहिला. घरी गेलो तर पोरगी विचारते, हे काका कोण? वीट आला या ओव्हरटाइमचा."

कारकून चावायचा थांबला. "भैया, काय म्हटलं तुम्ही?"

"काही नाही म्हटलं. साहेबाला सांगशील तर पाहा."

"अरे, वीट! ती वीट, तो वीट. घर उभं राहते अन् घर नको होते. चलो, लिहून टाक."

मी म्हणालो, "बसत नाही. कवि ऱ्हस्व आहे, वीट दीर्घ. एका घरात दोन्ही कसे राहतील?"

"कवी आता दीर्घच आहे ना? मागच्या महिन्यात माझ्या अर्जात तूच लाल खुणा केल्या. शेवटचा इकार दीर्घ, नवा नियम."

"हा इथंपण गेज लावून राहिला," लेथवाले म्हणाले. भोंगा वाजला आणि दोघे डबे बांधून गेले.

नियम मला पाठ होता. तुमच्या कोड्याला तो लावायचे मनात आले नव्हते. आजच्या नियमाने त्या घरात काहीच चूक नाही. पण तुम्ही कोडे केलेत तेव्हा होती, आणि ती नेमकी त्याच शब्दात, ज्यासाठी मला बाकावर उभे केले होते. तिथे तुमचा हात चुकला, की मी येऊन बोट ठेवावे म्हणून तुम्ही ते घर तसे ठेवले होते, हे आता कोणाला विचारू?

खरे म्हणजे वीट हा शब्द मला पहिल्याच आठवड्यात सुचला होता. गढ्याच्या आमच्या घरून सायकलने तुमच्या दारापर्यंत आलो होतो. दार उघडे होते, तुम्ही आत खोकत होता. गुरुजी, तुमचे चुकले, हे वाक्य मी रस्ताभर जुळवले आणि दारातून परत फिरलो. पुढे आई म्हणाली, "गुरुजी बाजारात भेटले. कोडं सुटलं का विचारत होते." मी म्हणालो, "नाही म्हणून सांग." आईने सांगितले. त्याच थंडीत तुम्ही गेलात. कारखान्यातल्या त्या दोघांनाही मी शब्द सुटला नाही असेच सांगितले.

हे पत्र कागदाबरोबर घडी घालून पाकिटात राहील. बाकीची सगळी घरे शाईने पक्की झाली आहेत. त्या एका घरात मी पेन्सिलीने वि ऱ्हस्वच लिहिला आहे. म्हणजे चूक होती तिथेच आहे. ती दाखवायला मी यायला हवे होते.