मालक परमेश्वर, कारभारी रणभिसे

मी, यहोशवा दिनानाथ रणभिसे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पोह्यांची गिरणी, राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. पत्नीने थोडा आणला, पण तो बावन्न वर्षे चालू आहे आणि त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकिलांचे मत पडले. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल काही लिहून द्यायला त्यांनी नकार दिला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी थेट कलम सात वाचावे. आधीची कलमे मला तिथवर जायचा धीर यावा म्हणून लिहिली आहेत.

कलम १. रोहे येथे धाटावच्या रस्त्याला लागून माझी 'कृपा पोहा मिल' आहे. ती मी एकोणीसशे अडुसष्ट साली सुरू केली. त्याच दिवशी दारावर पाटी लावली: मालक परमेश्वर, कारभारी य. दि. रणभिसे. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. माणसाजवळ जे असते ते देवाचे असते, आपण फक्त सांभाळायचे, हे त्यांनी मला लहानपणीच शिकवले होते. मी ते पाटीवर रंगवून घेतले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यालाही कळावे. एकदा एक सरकारी साहेब तपासणीला आले आणि मालक कुठे आहेत म्हणून विचारू लागले. मी वर बोट दाखवले. ते माळ्यावर जाऊन आले.

आता अडचण अशी आली की, जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देणार कसे? हा प्रश्न मी अॅडव्होकेट कमळाकर गुप्ते यांना मोठ्या गंभीरपणे विचारला. ते म्हणाले, "काळजी नको. सातबारा काढून पाहिलाय. त्यावर परमेश्वराचं नाव नाही, तुमचंच आहे. चाळीस वर्षं तुम्ही सगळ्या गावाला सांगत होतात, तलाठ्याला तेवढं सांगायचं राहिलं." त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. असो. मिल माझी आहे, असे मी प्रथमच लेखी मान्य करतो.

कलम २. पेणचे राहते घर, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व चीजवस्तू पत्नी शांती हिला द्याव्यात. त्यात नाताळचा गव्हाणीचा देखावाही आला. तो मला हमरापूरच्या बाबाजीने गणपतीच्या कारखान्यात करून दिला. त्यातल्या योसेफाला त्याने सोनेरी काठाचा शेला घातला आहे आणि मेंढरांचे डोळे असे काही रेखले आहेत की मुले बाळ येशूला सोडून मेंढरेच बघत बसतात. मी त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. देखावा विकू नये. बाबाजीला दर नाताळात जेवायला बोलवावे.

कलम ३. मुलगा शांतवन याला भात मोजायची माझी लाकडी पायली द्यावी. आमच्याकडे पायली शीग लावून, म्हणजे वर ढीग करून, भरून देतात. शांतवनने शिकत असताना एका सुट्टीत फळी फिरवून ती सपाट करायला सुरुवात केली होती आणि त्याला तो हिशेब म्हणत असे. तो आता वाशीला चांगल्या नोकरीत आहे. त्याने मिलची जागा कंपनीच्या बसगाड्या उभ्या करायला देण्याचा विचार मला तीन वेळा ऐकवला आहे. जागा त्याला मिळणार नाही. त्याच्यावर माझा राग नाही, आणि हे वाचून त्याला राग येणार हे मला माहीत आहे. पायली त्याने दिवाणखान्यात शोभेला ठेवावी, पण ठेवावी उताणी, म्हणजे तिच्यात काहीतरी भरायचे असते हे विसरणार नाही.

कलम ४. पेणमध्ये आमची प्रार्थनेला जमणारी सात घरे आहेत. त्यांना माझी पेटी द्यावी. तिच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत. मी वाजवायचो तेव्हा ते कोणी बोलून दाखवले नाही, याबद्दल मंडळीचा आभारी आहे.

कलम ५. आता कमळीबद्दल. कमळी सोमा वाघमारे, राहणार रोह्याजवळची नदीकाठची वाडी, ही पस्तीस वर्षे मिलमध्ये भट्टीवर आहे. पोह्यांसाठी भात रात्रभर भिजवतात, मग तापलेल्या वाळूत भाजतात आणि गरम असतानाच यंत्राखाली चेपतात. वाळूत ते दोन श्वास जास्त राहिले तर करपते, दोन श्वास कमी राहिले तर पोहा जाड येतो. नेमके कधी काढायचे ते कमळीला वासावरून कळते. मला चाळीस वर्षांत कळले नाही.

मी मिलमध्ये दोन नियम घातले होते. एक, रोज सकाळी काम थांबवून पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून प्रार्थनेला उभे राहायचे. दुसरा, रविवारी मिल बंद. म्हणून शनिवारी भात भिजतच घालायचे नाही. कमळी प्रार्थनेला उभी राही, पण डोळे उघडे ठेवी. मी रागावलो तेव्हा म्हणाली, "तुमी मिटा की शेठ. दोघांनी डोळं मिटलं तं भात करपल." त्यावर मी तिला श्रद्धेवर एक छोटे प्रवचन दिले. तेवढ्या वेळात एक घाणा करपलाच.

कलम ६. सदर मिल, जागा, भट्टी, इंजिन, यंत्रे व नावासह मी कमळी सोमा वाघमारे हिला देत आहे. पहिल्या मसुद्यात मी अकरा अटी घातल्या होत्या: रविवारी बंद, रोज प्रार्थना, पाटी पुसू नये, वगैरे. पत्नीने त्या वाचल्या आणि विचारले, "अहो, देताय का भाड्यानं ठेवताय?" सर्व अटी काढल्या आहेत. पाटीचे काय करायचे ते कमळीने ठरवावे. कोंड्याचा ढीग झाकायला ती पुरेशी लांब आहे.

कलम ७. ही हकिगत मी आजवर एकदाच सांगितली आहे आणि तेव्हा ती चुकीची सांगितली.

बावीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात कुंडलिकेचे पाणी नदीकाठच्या गावांत शिरले. शनिवारी दुपारी ते उतरले आणि संध्याकाळपर्यंत मिलच्या दारात नऊ बैलगाड्या उभ्या राहिल्या. लोकांच्या कणग्यांतले वर्षभर खायचे भात भिजले होते. असे भात पोत्यात दोन दिवस राहिले की आतून तापते आणि त्याला मोड येतात. वाचवायचा एकच मार्ग, धुऊन लगेच भट्टीवर घालायचे आणि पोहे करून ठेवायचे. एरवी भात आम्ही भिजवतो, त्या वेळी नदीने भिजवून दिले होते.

पुढच्या गाडीवर महिपती भगत होता. म्हणाला, "शेठ, रातीला भट्टी लावा. परवापातुर भात ऱ्हायचं नाय, कुजल."

मी म्हणालो, "उद्या देवाचा दिवस आहे, महिपती. परवा पहाटे ये. पहिला नंबर तुझा."

मी कुलूप लावले आणि मिळेल त्या टेम्पोने पेणला आलो. रविवारी प्रार्थनेत उभे राहून साक्ष दिली की, दारात नऊ गाड्या असताना मी देवाचा दिवस पाळला. मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली. मला फार बरे वाटले. त्या बरे वाटण्याची मला आज लाज वाटते.

सोमवारी पहाटे रोह्याला पोहोचलो तर दारात एकही गाडी नव्हती, भट्टी गरम होती आणि मागे कोंड्याचा ढीग छपराला लागला होता. दुसरी किल्ली कमळीकडे असे, कारण सोमवारी भट्टी तीच पेटवी. तिने आणि वाडीतल्या दोघीजणींनी शनिवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत नऊही गाड्यांचे भात भाजून, चेपून, पोत्यांत भरून दिले होते. तिच्या स्वतःच्या झोपडीत त्या दिवशी गुडघाभर चिखल होता, हे मला पुढे कित्येक महिन्यांनी कळले. मी विचारलेच नव्हते.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कुणाच्या परवानगीनं मिल उघडलीस? मालक कोण इथला?"

ती म्हणाली, "पाटीव लिवलंय ना शेठ, देव मालक हाय म्हून. मंग त्याच्या दारातून माणसं मी परत कशी धाडू?"

ज्याच्याकडे उत्तर नसते आणि किल्ली असते, तो जे करतो ते मी केले. किल्ली काढून घेतली आणि तिला कामावरून काढले. तिचे पाऊल मिलला लाभले, असे मी तेरा वर्षे लोकांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र तिला घरी जायला वाटेत चिखल किती असेल हेही मनात आले नाही.

आठ महिने पोहे कधी जाड, कधी करपलेले येत राहिले. पेणचे दुकानदार पोती परत पाठवू लागले. तेव्हा मी निरोप धाडला आणि ती आली. सकाळच्या प्रार्थनेत मी सर्वांसमोर जाहीर केले, "कमळीला मी माफ केले आहे." माफी मागायची कोणी आणि दिली कोणी, हे मला तेव्हा दिसले नाही. ती वाळूकडे बघत उभी होती. त्यानंतर तो विषय आम्ही दोघांनी काढला नाही. ती कामाला येत राहिली, मी प्रार्थना घेत राहिलो.

~~सबब या कलमान्वये मी कमळी सोमा वाघमारे हिची माफी मागतो. ही माफी माझ्या मृत्यूनंतर तिला वाचून दाखवावी.~~
(वरील दोन वाक्ये खोडली आहेत. पुरवणी पाहावी.)

कलम ८. व्यवस्थापक म्हणून अॅड. गुप्ते यांना नेमतो. साक्षीदार म्हणून मला कमळीचा अंगठा हवा होता. पण ज्याला मिळायचे आहे त्याने साक्ष घातली तर त्याचे देणे रद्द होते, असे गुप्त्यांनी सांगितले. मला साध्या पेटीत पुरावे. थडग्यावर 'विश्वासू कारभारी' असे लिहू नये.

पुरवणी. वरील मजकूर शनिवारी पेणला लिहून झाला. शांतीला वाचून दाखवला. कलम सात ऐकून तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "माफी मेल्यावर मागणार? तुम्हाला मातीत घातल्यावर ती बिचारी उत्तर कुणाला देईल?"

म्हणून रविवारी, चाळीस वर्षांत प्रथमच, प्रार्थना बुडवून मी रोह्याची एसटी धरली. वाडीवर गेलो. कमळी दारात सुकट निवडत बसली होती. मी म्हणालो, "कमळी, तुझ्याशी एक बोलायचं आहे. त्या पुराच्या वेळचं."

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "आज आयतवार हाय, शेठ. उद्या या."

ती हसली नाही. मीही हसलो नाही. उद्याचा दिवस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी ती ऐकेलच असे नाही. नऊ गाडीवाल्यांना मी किती सहज 'परवा या' म्हणालो होतो ते आठवत राहिलो.

मुक्काम महिपतीकडे केला. त्याने विचारले, "कशाला आलात शेठ?" मी सांगितले. तो म्हणाला, "त्या साली पोरांनी वरीसभर तेच पोहं खाल्लं. आमी तुमास्नी कदी बोललो नाय. बोलून काय, तुमी प्रार्थना घेतली असती." त्याच्या बायकोने आम्हाला जेवायला वाढले.

आज सकाळी मिलमध्ये गेलो. भट्टी पेटलेली होती. सगळे नेहमीसारखे हात जोडून उभे राहिले. मी डोळे मिटले नाहीत. जिथे उभा राहून तिला माफ केले होते तिथेच उभा राहून म्हणालो, "त्या पुरात चूक माझी होती. कमळीची नव्हती. तिला काढलं ते चुकलं, आणि परत घेताना मी तिला माफ केलं म्हणालो ते त्याहून चुकलं. कमळी, मला माफ कर." पुढे मिलच्या कागदाबद्दल सांगणार होतो, ते सांगता आले नाही.

कमळी वाळूकडे बघत होती. म्हणाली, "व्हय."

मग म्हणाली, "सरा शेठ, भात निघालं."

मी सरलो.

गुप्ते नंतर फोनवर विचारत होते, माफ केले असे समजायचे का? म्हणजे तसे नमूद करता येईल. मी सांगितले, ते तिचे आहे, माझ्या कागदात येत नाही. कलम सातमधली दोन वाक्ये मात्र खोडावी लागली, कारण जी वस्तू जिवंतपणी देऊन टाकली ती मृत्युपत्राने देता येत नाही. खाडाखोडीवर मी व साक्षीदारांनी सह्या केल्या आहेत.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: य. दि. रणभिसे

साक्षीदार:
१. महिपती काळुराम भगत, शेतकरी, तालुका रोहे. (पुढच्या गाडीवरचा.)
२. सखा जनू म्हात्रे, इंजिन चालक, कृपा पोहा मिल.

ठिकाण: ~~पेण~~ रोहे
तारीख: १६ नोव्हेंबर २००९
वार: सोमवार