कात्रीचा निळा दोरा

शनिवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

लोटांगण घालायला तुझ्या घरात जमीन भरपूर मोकळी आहे, पण तुला तसलं काही आवडत नाही, म्हणून नुसताच नमस्कार.

बरी आहेस ना? होस्टेलच्या खिडकीला जाळी बसवली का त्यांनी? बटण मजेत आहे. तिचा पुढचा दात पडला. तो ठेवायचा की टाकायचा यावर बापलेकीची अर्धा तास जुंपली. भाऊजी म्हणाले, "आता तो वापरात नाही." ही म्हणते, "मग तुमचा कंगवा तरी कुठे वापरात आहे? डोक्यावर केस आहेत का?" दात राहिला.

मी अजून कुरियरच्या गोदामातच आहे. सातवा आठवडा, खोटं नाही. पार्सलांना चिकटपट्ट्या मारते, बुधवारी सुट्टी. तिथे एक बाई आहे, पार्सल नुसतं कानाशी हलवून आत काय आहे ते सांगते. परवा म्हणाली, "यात बूट आहे, पण एकच." आणि खरंच... जाऊ दे. भरकटले.

फोनवर तू "बटणाला दे" याच्यापुढे जात नाहीस, म्हणून लिहितेय. पत्र तुमच्या कारखान्याकडे येणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देणार आहे. पोस्टाने उशीर होईल, आणि उशीर होऊन चालणार नाही.

तू गेलीस त्याच आठवड्यात भाऊजींनी घराला नव्याने दोरे बांधले. तुझ्याच रिळाचा निळा दोरा आणि नियमही तोच. वस्तू वापरली की दोरा सोडायचा, खिडकीतल्या बरणीत टाकायचा. तीन महिन्यांनी जिच्यावर दोरा दिसेल ती घराबाहेर. मला वाटलं होतं, तुझ्या वस्तू सोडतील. नाही सोडल्या. स्वेटर, कानतुटका कप, चपला, उशी, मोठी कात्री, सगळ्यांना एकेक गाठ. मी म्हटलं, "भाऊजी, ताई कामाला गेलीय, ती कुठून वापरणार?" ते लिफ्ट दुरुस्तीची पिशवी भरत होते. वर न बघताच म्हणाले, "लिफ्टमध्ये एक माणूस जास्त झाला की ती हलत नाही. मग तो कोणाचा कोण, हे विचारत बसायचं नसतं." मी जेवले आणि झोपले.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, तीन महिने भरतात.

आता मूळ गोष्ट. एका बुधवारी घरी कोणी नव्हतं. मी तुझा स्वेटर घातला, दोन तास घालून बसले आणि दोरा बरणीत टाकला. पुढच्या बुधवारी तुझ्या कपातून चहा प्यायले. मग चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले (तुझा पाय केवढा गं!). मग उशी. नियम वापरण्याचा आहे, कोणी वापरायचं ते कुठे ठरलंय? मला वाटलं, मी फार हुशार. तुझ्या वस्तू वाचतील, तू आलीस की जिथल्या तिथे सापडतील.

भाऊजी रोज संध्याकाळी बरणी बघतात, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

कपाच्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "आज घरी कोण आलं होतं?"

मी ताटात भात वाढून घेतला. "कोणी नाही."

"कोणी नाही?"

"नाही हो."

तर ते हसले. ताई, या घरात ते हसलेले मी विसरले होते. म्हणाले, "बरं बरं. नाही तर नाही." आणि बटणाच्या ताटात स्वतःचा पापड ठेवला.

मला कळायला आणखी एक बुधवार लागला. त्यांना वाटतंय, तू येतेस. तुझी सुट्टी बुधवारची, माझीही बुधवारची. तुझ्याकडे किल्ली आहे. ते कामावर असताना तू येऊन बसतेस, चहा पितेस आणि मला गप्प राहायला सांगून जातेस, असं त्यांनी मनाशी धरलंय. आता बुधवारी सकाळी दाढी करून जातात. चौथी खुर्ची माळ्यावरून काढलीय. परवाच्या बुधवारी कपाखाली चिठ्ठी होती. मी वाचली, माफ कर. "रद्दीवाल्याकडे चार वेळा जाऊन आलो. काही उरलेलं नाही. एवढं तोंडावर सांगायचं आहे. थांबशील?" एवढीच. खाली नाव नाही.

चिठ्ठी तिथेच राहिली असती तर तू आली नाहीस हे त्यांना कळलं असतं. मी ती उचलली. का उचलली मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी कप उचलून खाली बघितलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

बटणाला सगळं माहीत आहे. तिने मला तुझ्या चपलांत पकडलं. मी म्हटलं, "बाबांना मीच सांगते आज." तर म्हणाली, "मावशी, नको ना. ते बुधवारी गाणं म्हणतात." सात वर्षांच्या पोरीपुढे मी पुन्हा गप्प.

आणि गप्प राहायची माझी ही पहिली वेळ नाही.

तुझ्या शिवणाच्या कागदी कटिंगांचा गठ्ठा. बेचाळीस गुंडाळ्या, पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं, प्रत्येकीचं माप, कोणाचा खांदा उतरता, कोणाची बाही आखूड, सगळं तुझ्या अक्षरात. भाऊजींना ते खाकी कागद वाटले, दोरा न सुटलेले. त्यांनी ते बाहेर काढले हे तुला माहीत आहे. पण जिने उतरून रद्दीवाल्याकडे गठ्ठा मी नेला. मी आले त्याच दिवशी. नुकतंच ते म्हणाले होते, "भिंगरे, राहा हवं तितकं, पण एकच पिशवी." आणि मला कुठेतरी राहायचं होतं. जिन्यात एक गुंडाळी उलगडली. तुझं अक्षर मी ओळखलं. काय आहे ते मला कळलं. वर परत जाऊन दोन शब्द बोलायचे होते. जिना दोनच मजल्यांचा होता, ताई. मी खाली गेले.

तू संध्याकाळी आलीस, रिकामा खण बघितलास आणि एक शब्द बोलली नाहीस, थेट कारखान्यातलं काम धरलंस. भांडली असतीस तर मी बोलले असते. असं मी स्वतःला रोज सांगते.

तिकडे तुला कामाची मुदत वाढवून देतायत, हे बटणाकडून कळलं. घ्यायची तर घे. कटिंगांचं माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही, आणि भाऊजींसाठी रदबदली करण्याइतकी मी चांगली नाही. पण येत्या बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. मला सांगितलं नाही, फोनवर बोलताना ऐकलं. दुपारी दोनपासून ते घरात बसणार, दाराकडे तोंड करून. त्या वेळी किल्ली फिरली आणि दारातून मीच आत शिरले, तर त्यांचा चेहरा मला बघवणार नाही.

तू आलीस तर बरंच. नाही आलीस तर मंगळवारी रात्री फोनवर "बटणाला दे" म्हणू नकोस, "भिंगरी, सांगून टाक" म्हण. मी सांगेन. दोरे, चिठ्ठी, जिना, सगळं. मग माझी एक पिशवी आहेच. पण या वेळी सांगितल्याशिवाय निघणार नाही.

तुझ्या कात्रीचा दोरा मात्र मी सोडलेला नाही. दोनदा हातात घेतली, परत ठेवली. ती वापरायची तर काहीतरी कापावं लागतं आणि मला सरळ कापता येत नाही.

तुझा स्वेटर अंगात घालूनच हे लिहिणारी,
भिंगरी