कालव्यावरची फक्की

७ डिसेंबर, रवि.

आज कालव्यावर. शैला बरोबर (यापुढे शै.). हवा छान, गार. मुरूम दबलेला, चाकं मस्त लागतात. पनवेलच्या आसपास डंपर नसलेला एवढाच रस्ता उरलाय. गावकऱ्यांनीच दोन्ही टोकांना धोंडे टाकून ठेवलेत, मोटारसायकलसुद्धा जात नाही. सायकल तेवढी उचलून न्यायची.

शै. वाटेत दोनतीनदा थांबली. फोन काढला, फोटो काढले. माझे नाहीत. शेतांचे. विचारलं तर म्हणाली, "अगं बगळे." मी मान वळवून पाहिलं. त्या बाजूला एकही बगळा नव्हता. असेल, उडाला असेल.

पण तिचा नवरा उलव्याला जमिनीच्या दलालीचा धंदा करतो. एवढंच लिहून ठेवते.

९ डिसें., मंगळ.

संध्याकाळी शै.कडे. मे महिन्यातल्या हॉलंडचं बघायला. म्हणजे आम्ही दोघी, आठवडाभर, सायकलवर कालव्यांच्या काठाने, रोज नवं गाव. सगळी तयारी त्यासाठीच चाललीय. तिने टीव्हीवर व्हिडिओ लावला. अगदी वरचा, उत्तरेकडचा भाग. सरळ कालवा, कडेने खडीची वाट, दोन्ही बाजूंना हिरवं, आणि माणूस नाही. एक म्हातारा-म्हातारी सायकली आडव्या टाकून काठावर ब्रेड खातायत. त्यांना कुणी येऊन विचारत नाही, कुठून आलात, इथे काय काम.

एवढी मोकळी जमीन आणि एकही प्लॉट पाडलेला नाही. मला नाही खरं वाटत. व्हिडिओ कापून जोडलेला असणार.

तिचा नवरा सोफ्यावरून म्हणाला, "एन.ए. झाली असेल का हो ही जमीन?" सगळे हसले. मी हसले नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू इन्शुरन्समध्ये उगाच राहिलीस, पोलिसात जायला हवी होतीस." बरं.

१४ डिसें., रवि.

कालवा. मधल्या वळणावर बारकूबाईचं वालाचं शेत. गेले वर्षभर येताजाता तिच्याकडे पाणी पितो. आज तांब्या देताना म्हणाली, "बाय, एक विचारू? तुमी नक्की काय करता?"

"सायकल चालवतो."

"ते दिसतंय. पन कशापायी? माझा दीर म्हनतो, या वयाच्या बाया उगाच नाय फिरत. काय तरी मोजत असतील."

आम्ही हसलो. बारकूबाई हसली नाही. शै. तोवर फोन खिशात ठेवत होती, हे तिने पाहिलं आणि मीही पाहिलं.

परत येताना शै.ला सरळ विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. सहा वर्षं शेजारी राहतेय, तिच्या घरची किल्ली माझ्याकडे असते. पण मनातून जात नाही. ती खरंच जमिनी बघत असेल तर मी तिच्या शेजारी सायकल चालवत एक वर्ष तिला वाट दाखवलीय. हा रस्ता मीच शोधला होता.

२० डिसें., शनि.

उद्या सोसायटीतल्या बायका घेऊन जायचंय. बारातेराजणी, बहुतेक पहिल्यांदाच. तिथे फोनला रेंज नाही, कुणी भलतीकडे गेली तर? म्हणून आज दुपारी एकटीच गेले आणि वळणावळणावर खुणा करून आले. क्रीडांगणावर मारतात ती पांढरी फक्की, पाण्यात कालवून, ब्रशने. प्रत्येक खुणेला नंबर आणि बाण. बारकूबाईच्या बांधावरच्या मोठ्या दगडावर ७. वाट तिथे शेताला वळसा घालते, त्यामुळे बाण जरा शेताकडेच गेला. पण कळतंय.

कुणी भेटलं नाही. बरं झालं, लवकर आटोपलं. ठसठशीत दिसतंय सगळं.

२१ डिसें., रवि.

सायकल खाली तशीच टाकून वर आले.

पहिल्या धोंड्यापाशीच गाव उभं. वीसपंचवीस माणसं, पुढे बारकूबाईचा दीर, धर्मादादा. बारकूबाई मागे, पदर तोंडाशी. माझ्या १ नंबरवर कुणीतरी शेण फासलेलं.

"कोनच्या खात्याच्या तुमी?"

मी पुढे झाले. म्हटलं, फक्की मी मारली, कालच, या बायका चुकू नयेत म्हणून. खरं तेच सांगितलं, आणि ऐकताना मलाच खोटं वाटलं.

"सायकल चालवाया चुना कशाला लागतो?" धर्मादादा.

मागे पलीकडच्या गावात असाच चुना पडला दगडांवर, नंबर पडले, मग कागद आले, आणि आता तिथे गोडाऊन उभी आहेत. मला हे माहीत होतं. ब्रश हातात घेताना आठवलं नाही. या भागात दगडावर पांढरा नंबर घालणारी मी एक शहाणी.

मग एकजण म्हणाला, "ही ती उलव्याच्या एजंटाची बायको नाय काय?"

शै.: "हो. आहे."

बस, एवढंच. "फोटू काढत असते ती," मागून कुणीतरी. सगळे तिच्याकडे बघत होते. सोसायटीच्या बायका मोबाइलकडे.

आणि मी? मीही शै.कडेच बघत होते. बाकीच्यांसारखीच.

परत फिरलो.

२३ डिसें., मंगळ.

कळलं की दोन्ही टोकांना बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्यात. टायर काय, चप्पलसुद्धा जाणार नाही.

शै. जिन्यात भेटली. पिशवी भाजीची.

"तू काही बोलली नाहीस परवा."

"अगं, सांगितलं ना, फक्की माझी म्हणून."

"ते नाही म्हणत मी."

आणि वर गेली. तिला काय म्हणायचं होतं ते कळलं मला. पण म्हणायला मला आधी माहीत तर हवं. तिने एकदा सांगावं ना, की नवऱ्याचा काही संबंध नाही. सांगत नाही. का सांगत नाही? मी विचारत नाही म्हणून? की…

मला तिची चीड आलीय आणि तिच्याशिवाय करमतही नाही.

२६ डिसें., शुक्र.

रिक्षाने, गावातून मागच्या बाजूने, गेले बारकूबाईच्या शेतावर. एकटी. बादली आणि घासणी घेऊन. सात नंबरचा दगड घासला, आधी पाण्याने, मग विटेच्या तुकड्याने. ती बांधावर बसून बघत होती. जाम निघत नाही फक्की एकदा दगडात शिरली की.

मग म्हणाली, "तू वाईट नायस. बिनडोक हायस."

मान्य केलं.

"पन ती दुसरी?"

मी घासत राहिले.

"पुढल्या शनिवारी पोपटी लावतंव, शेतातच मडक्यात शेंगा भाजून. दोघी या. दिराच्या समोर, चार मान्सांत, तू सांग की ती नवऱ्यासाठी नाय येत म्हनून. तू सांगशील तर आमी काट्या काढू. एका मडक्यातलं खाऊन कोन खोटं नाय बोलत."

म्हणजे रस्ता माझ्या शब्दावर. सरकारी कागद नको, आधार कार्ड नको, माझा शब्द. माझ्याकडे तोच नाहीये.

शै.ला निरोप दिला. फक्त आमंत्रणाचा, अटीचा नाही. आधी सांगितलं असतं तर आलीच नसती. किंवा तयारी करून आली असती. (हे मी काय लिहितेय.)

३ जाने., शनि.

आलो आत्ताच. लिहून टाकते.

सूर्य खाली जाताना मडकी उलटी लावली होती, वर पेंढा, गोवऱ्या. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मधे भांबुर्ड्याचा पाला. वास नाकात अजून आहे. शै. खूष होती, पहिल्यांदा इतक्या दिवसांत. बारकूबाईच्या सुनेला पाला निवडून देत होती. मला वाटलं, ही अशी असताना मी काय काय लिहिलंय हिच्याबद्दल.

मडकी फोडली. पानावर शेंगा ओतल्या, वाफ निघतेय. सगळे गोल बसले. मग धर्मादादा, काही प्रस्तावना नाही:

"तर बाय. सांग. ही तुझी मैत्रीन नवऱ्यासाठी जमिनी बघाया येते का नाय?"

शै.ने माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा कळलं आपल्याला कशाला बोलावलंय ते.

माझ्या हातात शेंग होती. ती सोलली. दाणा तोंडात टाकला. चावला.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

धर्मादादाने मान हलवली. बारकूबाई म्हणाली, झालं तर मग, खा. सगळे खायला लागले, हसायला लागले, कुणीतरी माझ्या फक्कीवरून चेष्टा केली. शै.पण हसली. अंडं सोलून माझ्या पानावर ठेवलं तिने.

रिक्षाने परत निघालो. कळंबोलीच्या दिव्यांजवळ शै. म्हणाली, "एक दाणा."

"काय?"

"नाही म्हणायला तुला वालाचा एक दाणा लागला."

"गरम होता गं."

ती बाहेर बघत राहिली. तिथे ट्रकशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, आता विचारावं. आत्ता तरी. पण नाही म्हणून ठेवल्यावर विचारणार कसं? आणि ती हो म्हणाली असती तर बारकूबाईच्या मडक्यातलं ते माझ्या पोटात.

११ जाने., रवि.

काट्या काढल्या आहेत. सकाळी शै.ची वाट पाहिली गेटवर. आली नाही. फोन उचलला नाही. खाली तिची सायकल जागेवर, कुलूप लावलेली.

एकटी गेले. मुरूम छान, पाण्यावर धुकं, एकही गाडी नाही. हॉलंडमध्ये याहून काय वेगळं असणार. मन लागलं नाही.

बारकूबाई तांब्या घेऊन बांधावर आली. रस्त्याच्या मागच्या बाजूला बघत.

"दुसरी कुठाय?"

"बरं नाही तिला."

"काय झालं?"

"ताप."

बारकूबाईने तांब्या खाली ठेवला. "बाय, खरं काय ते सांग. तिने यायचं बंद का केलं? आमी रस्ता मोकळा केल्यावर?"

म्हणजे येत होती तेव्हाही संशय आणि आली नाही तरी संशय. आणि तो मीच पुरवला, ताप म्हणून. मी म्हटलं, येईल पुढच्या रविवारी, मी आणते. बारकूबाईने तांब्या उचलून माझ्या हातात दिला. पाणी प्यायले आणि निघाले. वळणावरून पाहिलं तर ती तशीच उभी होती, माझ्याकडे बघत.

संध्याकाळी शै.कडे गेले. तिची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. ती नाही वापरली. बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या भिंगात उजेड होता, तो गेला. म्हणजे पलीकडून डोळा लावला होता.

दार उघडलं नाही. मी जिन्यातला दिवा लावला, आणि तिला नीट दिसेन अशी उभी राहिले.