लाइनवरचं तिसरं माणूस

आई,

परवा ऑफिसातल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुम्ही आमचं सगळं वाचता का हो?" हसतच विचारलं, पण उत्तरासाठी काही थांबली नाही. बाटली भरून झाली आणि ती गेली. मी कूलरपाशी तशीच उभी राहिले आणि तुझी आठवण आली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मी काय काम करते हे तुला कसं सांगावं, तेही धड सुचत नाही. अंबडला एक कंपनी आहे, द्राक्षबागेत फवारणी करायची यंत्रं बनवते. तिथले सगळे कॉम्प्युटर आणि त्यांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडे असतात. कुणी काय उघडलं, कुठे काय पाठवलं, ते मला बघता येतं. तुझ्या भाषेत सांगायचं तर तुझ्या स्विचबोर्डासारखंच. सगळ्यांच्या लाइनी माझ्यासमोरून जातात.

देवळाली कॅम्पातलं तुझं टेलिफोन एक्स्चेंज मला अजून दिसतं. शाळा सुटली की मी तिथेच येते आणि दाराबाहेरच्या बाकावर बसते, कारण आत यायला परवानगी नाही. तू हेडफोन लावून बसलेली, केसांत त्याची पट्टी रुतलेली. एका भोकातली वायर उपसून दुसऱ्यात घालतेस, "बोला, पुणे मिळालं" म्हणतेस आणि लगेच खटका पाडून स्वतःचं ऐकणं बंद करतेस. लाइन नीट लागली की नाही हे पाहण्यापुरते चार शब्द कानावर पडायचेच, त्याला तुझा इलाज नव्हता. पण बाजारातल्या बायकांना ते कोण सांगणार? आपण किराणा दुकानात शिरलो की तिथलं बोलणं थांबायचं. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण सतरंजीवर तुझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरायची. मला वाटायचं, तूच अबोल आहेस म्हणून असेल.

मग आपल्या घरांच्या ओळीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी ते फोनवरूनच मोडलं होतं आणि दोन दिवसांत सगळ्या कॅम्पाला कळलं. मुलीची आई आपल्या दारात येऊन ओरडली, "तूच सांगत फिरलीस! तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?" तू पोळ्या लाटत होतीस. पिठाच्या हातांनी तशीच उंबऱ्यापर्यंत गेलीस, ऐकून घेतलंस, परत येऊन तवा खाली उतरवलास. बातमी मुलाकडच्यांनीच पसरवली होती, हे पुढे सगळ्यांना कळलं, पण ती बाई पुन्हा आपल्याकडे आली नाही. मी तुझ्यावर चिडले. "तू सांगितलं नाहीस, मग तसं म्हणत का नाहीस?" तेव्हा तू मला फटकारलंस, तसं आधी किंवा नंतर कधी फटकारलं नाहीस. "मी सांगितलं नाही असं म्हणायचं, म्हणजे मला माहीत होतं हे कबूल करायचं. त्या पोरीचं काय झालं हे माझ्या तोंडून हो म्हणूनही निघायला नको आणि नाही म्हणूनही नको. कळलं?" मला काही कळलं नव्हतं. मी रुसून न जेवता झोपले.

यंदाच्या हंगामात कळलं. आमच्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी एक अ‍ॅप काढलंय. छाटणी कधी केली, कोणतं औषध मारलं, कोणता रोग आला, हे बागाईतदार त्यात भरतात आणि आमचे लोक त्यांना सल्ला देतात. माल तोडणीला आला असताना दिंडोरीकडची एक बाई ऑफिसात आली. नवरा मागे उभा होता, ती बोलत होती. "ताई, फुलोऱ्यात आमच्या बागंत डाऊनी आला व्हता, तो आमी आवरला. आता माल एक नंबर हाय. पन व्यापारी बांधावर येतो आन म्हनतो, तुमच्या बागेत रोग व्हता, दर पाडूनच घेईन. त्याला कुनी सांगितलं? आमी भावकीत बी बोललो नाय. तुमच्या त्या मोबाइलात तेवढं भरलं व्हतं." शेवटचं वाक्य ती अगदी हळू बोलली, जणू चूक तिचीच होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे मालक, माणूस वाईट नाही. त्यांचा संशय हेल्पलाइनवरच्या मुलीवर होता, कारण शेतकऱ्यांचे फोन तीच घेते. "तिचं व्हॉट्सअ‍ॅप ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर उघडं असतं," ते म्हणाले. "सगळं वाचून काढा. तुमच्या हातात आहे ना सगळं?" हो, माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "ते तिचं खासगी आहे, साहेब. नोंदी कुणाच्या लॉगिनवरून बाहेर गेल्या एवढं बघते. त्यातून कळेल." ते म्हणाले, "कॉम्प्युटर कंपनीचा आहे." मी म्हटलं, "कॉम्प्युटर कंपनीचाच आहे. बोलणं नाही." असं बोलायची मला सवय नाही, आई. बाहेर येऊन दोन ग्लास पाणी प्यायले. मग ती मुलगी जेवायला गेली असताना मी तिच्या टेबलापाशी गेले आणि ते व्हॉट्सअ‍ॅप बंद करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही ते वाचता येऊ नये.

नोंदी तिच्याकडून गेल्या नव्हत्या. त्या साहेबांच्या मेहुण्याच्या लॉगिनवरून गेल्या होत्या. तो आमच्याकडे विक्री बघतो. तालुक्यातल्या सगळ्या बागांचे रोग आणि फवारण्या त्यानं एका व्यापाऱ्याला पाठवल्या होत्या. मी ते साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाले, "हे या खोलीच्या बाहेर जाणार नाही. त्या मुलीला आपण पुढच्या महिन्यापासून नको म्हणून सांगू. लोकांना काहीतरी दिसायला हवं." मी म्हटलं, "तिला काढलंत तर ती निर्दोष आहे हे मी तिला लेखी देईन, माझ्या सहीनं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आजच त्यांना पहिल्यांदा दिसतेय.

मुलगी राहिली. मेहुण्याला विंचूरच्या गोदामावर पाठवलं. बागाईतदारांना मात्र कुणी काही सांगितलं नाही. त्या बाईचा हळू झालेला आवाज माझ्या कानातून जाईना. शेवटी मी घरून, माझ्या फोनवरून तिला फोन लावला. "तुमची माहिती आमच्याकडूनच गेली, ताई. चूक तुमची नव्हती."  तिच्या मागे ट्रॅक्टर सुरू होता. मग म्हणाली, "माल तर पडत्या दरानं गेला, ताई. आता काय व्हनार. पन आमचे मालक मलाच बोलत व्हते, तू कुठंतरी बोलली असशील म्हनून. त्यास्नी सांगा ना तेवढं." तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला. मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

बातमी त्या घरातून पसरली आणि साहेबांना कळायची ती कळलीच. बागाईतदार अ‍ॅप काढून टाकायला लागले. साहेब मला रागावले नाहीत, पण आता माझं काम घ्यायला पुण्याची एक संस्था येऊन सगळ्या किल्ल्या समजून घेतेय. मीच त्यांना शिकवते. ऑफिसातल्यांना यातलं एवढंच दिसलं, की मी केबिनमध्ये दार लावून बसले आणि लगेच मेहुण्याची बदली झाली. म्हणजे त्यांच्या लेखी ही बाई सगळं वाचते. मी जवळून गेले की फोन पालथे पडतात. हेल्पलाइनवरच्या त्या मुलीला मी सांगू शकत नाही की तुझं मी वाचलं नाही. तसं म्हटलं तर कुणीतरी वाचायला सांगितलं होतं हे आलं, आणि कशासाठी हेही आलं. तुला त्या दिवशी उंबऱ्यात कसं वाटलं असेल ते आता माहीत झालंय. विचारायला तू नाहीस. दुसऱ्या कुणाला विचारावं असं कुणी नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. ते व्हॉट्सअ‍ॅप बंद करताना पडद्यावर मुलींचा ग्रुप उघडा होता. वाचायचं नाही असं ठरवूनही शेवटची ओळ डोळ्यांत शिरलीच. "शनिवारी सोमेश्वरला फिरायला जातोय, तर सर्व्हरवाल्या मॅडमना पण विचारू या का? एकट्याच असतात त्या." त्याखाली कुणीतरी उत्तर लिहीत होतं. मी बटण दाबलं. शनिवारी मला कुणी विचारलं नाही.

आई, ते उत्तर मला वाचायचं होतं.