उजवा मुंढा

नाशिक, रविवार, संध्याकाळ

आज कारागिरांच्या बाजूने तासभर तावातावाने बोललो, आणि अंगात द्वारका चौकातल्या दुकानातला तयार झब्बा. घाई होती म्हणून घेतला. खरंच होती का? देवळाली कॅम्पला रफीकचाचांकडे जायला अख्खा आठवडा होता.

वीस वर्षं माझे झब्बे तेच शिवतात. माप घेताना खांद्यावर टेप धरून म्हणतात, "सर, जरा भाषण करा." मी हात उंचावून दोन वाक्यं बोलतो, मग ते उजव्या बाहीचा मुंढा बोटभर सैल ठेवतात. फक्त उजवा.

आज ते तिसऱ्या रांगेत होते. माझा हात खांद्याच्या वर जाईना. सभेनंतर भेटायला आले, काखेतली शिवण चिमटीत धरून पाहिली.

"भाषण एक नंबर, सर. पण हात अडकत होता."

"चाचा, घाईत घेतला."

"असू द्या. घेऊन या, मुंढा मोकळा करून देतो."

रागावले असते तर उत्तर दिलं असतं. उत्तरं माझ्याकडे कायम असतात. आता हाच झब्बा घालून त्यांच्यापुढे उभं राहायचं. ते टेप धरून म्हणतील, जरा भाषण करा.

काय बोलू?